१८५७ : सुडाच्या गोष्टी

युद्ध सैनिक लढतात, पण त्याला घरी बसलेल्या लोकांची संमती लागते. ही संमती बहुतेक वेळा गोष्टींतून तयार होते. याचे आपल्या जवळचे उदाहरण म्हणजे १८५७. मंगल पांडे, झाशीची राणी, बहादूरशाह जफर यांची नावे आपल्याला पाठ असतात. पण त्याच वर्षी लंडनमधली माणसे काय वाचत आणि पाहत होती, याकडे आपले फारसे लक्ष जात नाही.

१५ जुलै १८५७ रोजी कानपूरच्या बिबीघरात कैदेत असलेल्या सुमारे २०० इंग्रज बायका-मुलांची कत्तल झाली. ही घटना खरी आहे आणि तिचे समर्थन मी करणार नाही. निःशस्त्र कैद्यांचा खून कोणत्याही लढ्यात खूनच असतो. पण ही बातमी इंग्लंडात पसरली ती बलात्काराच्या आणि विटंबनेच्या वर्णनांसह. पुढे आग्र्याच्या सरकारी गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख विल्यम म्यूर यांनी चौकशी केली, तेव्हा त्या वर्णनांना पुरावा मिळाला नाही. हे तेच म्यूर, ज्यांच्या पैगंबरचरित्राला सर सय्यद अहमद खान यांनी उत्तर लिहिले. ते बंडवाल्यांची बाजू घेत होते, असे कोणी म्हणणार नाही.

इंग्लंडात सांगितलेल्या गोष्टीत क्रम सरळ होता : आधी बिबीघर, मग सूड. तारखा वेगळे सांगतात. कर्नल नील जूनमध्येच अलाहाबादला पोचला होता आणि तिथे सरसकट फाशी देणे सुरू झाले होते. तिथून कानपूरकडे निघालेल्या तुकडीने वाटेतल्या गावकऱ्यांना झाडांना लटकवले. हे सगळे १५ जुलैच्या आधीचे. पण त्या गावकऱ्यांची गोष्ट लंडनमध्ये सांगणार कोण?

गोष्ट सांगणारे मात्र मातब्बर होते. गरिबांचा कैवारी म्हणून ओळखला जाणारा चार्ल्स डिकन्स याने ऑक्टोबरमध्ये एका खासगी पत्रात लिहिले, की आपण हिंदुस्थानात सेनापती असतो तर ही जमातच नष्ट करायचा प्रयत्न केला असता. जोसेफ नोएल पेटन याने १८५८ साली एक चित्र मांडले. भेदरलेल्या इंग्रज बायका-मुले आणि दारातून घुसणारे शिपाई. लोकांना ते सहन झाले नाही, तेव्हा त्याने शिपायांच्या जागी सुटकेला आलेले स्कॉटिश सैनिक रंगवले. लखनौच्या वेढ्यात दूरवरचा बॅगपाइप सर्वांच्या आधी ऐकणारी जेसी ब्राऊन घरोघर पोचली. तिची हकीकत बनावट निघाली, तरी तिच्यावर चित्रे झाली. न्यूयॉर्कला नाटक झाले. त्यात नानासाहेब पेशव्यांचे काम करायला नट मिळेना, म्हणून नाटककार बुसिको स्वतः ती भूमिका करून उभा राहिला.

अशा वातावरणात गव्हर्नर जनरल कॅनिंग यांनी अपराधी आणि निरपराध यांत फरक करा, असा हुकूम काढला. त्याबद्दल त्यांची ‘दयाळू कॅनिंग’ म्हणून टर उडवली गेली. गोष्टीने मन एकदा तापले, की साधा न्यायही फितुरी वाटू लागतो.

आपल्या बाजूलाही हे होतेच. सरकार आट्यात हाडांचा भुगा मिसळते, ही अफवा छावण्यांत आणि बाजारांत फिरत होती. दिल्लीत मौलवी मुहम्मद बाकर यांचे उर्दू वर्तमानपत्र बंडाला बळ देत होते. दिल्ली पडल्यावर इंग्रजांनी त्यांना ठार केले. लेखणीत काय ताकद असते, हे विजेत्यांना नीट माहीत होते.

वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले आणि झाशीच्या वेढ्यात सापडले. शहर पडल्यावर झालेली कत्तल आणि लूट त्यांनी डोळ्यांनी पाहिली. त्यांचे ‘माझा प्रवास’ छापले गेले १९०७ साली. जेसीची बनावट हकीकत काही महिन्यांत समुद्रापार गेली, आणि झाशीची खरी हकीकत मराठीत छापून यायला जवळजवळ ५० वर्षे लागली.

म्हणून मला वाटते, खोटी बातमी ओळखणे पुरेसे नाही. बिबीघर खोटे नव्हते. खऱ्या दुःखाच्या आधीची पाने फाडून टाकली, की तेच दुःख पुढच्या कत्तलीचा परवाना होते. आज कुठलेही युद्ध पेटले, की मोबाईलवर एका बाजूचे अश्रू येऊ लागतात. ते खरे असतील. तरीही विचारायला हवे : याच्या आदल्या महिन्यात काय घडले होते, आणि ते सांगायला कोण जिवंत आहे?