मासिक पाळीची साधने : ज्ञान आणि निवड (कोल्हापूर परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना
स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात शाळा व वसतिगृहे यांची नोंद झाली. शिकणाऱ्या मुली मासिक पाळीत कोणते साधन वापरत, हे मात्र क्वचितच नोंदले गेले. प्रस्तुत लेखात कोल्हापूर परिसरातील या साधनांची निवड व त्यामागील ज्ञान यांचा परस्परसंबंध तपासला आहे.

परंपरा व मौन
'कावळा शिवला', 'बाहेर बसली' अशा शब्दांनी पाळी सूचित केली जाई. पहिल्या ऋतुप्राप्तीला न्हाण व ओटीभरणाचा जाहीर समारंभ होई. नंतर मात्र दरमहा लपवाछपवी. जुन्या सुती लुगड्याच्या घड्या हे सर्वमान्य साधन होते. स्वच्छ धुऊन कडक उन्हात वाळवलेले कापड सुरक्षित असते. परंतु लाजेपोटी ते दुसऱ्या कपड्याखाली वाळवले जाई. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी या अतिपर्जन्याच्या भागांत पावसाळ्यात ऊनही दुर्मीळ. म्हणजे दोष कापडाचा नव्हता, ते लपवावे लागण्याचा होता.

राजर्षी शाहूंच्या काळात रखमाबाई केळवकर मुलींच्या शाळांची देखरेख करीत. त्यांच्या कन्या डॉ. कृष्णाबाई अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात कार्यरत होत्या. शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर दोन्ही उपलब्ध झाल्या, तरी शरीराविषयी उघड बोलणे सोपे झाले नाही. मुंबईत १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' सुरू करणाऱ्या र. धों. कर्वे यांना अश्लीलतेच्या खटल्यांना सामोरे जावे लागले.

बाजारपेठ व शासन
१९८० च्या दशकात स्टेफ्री, व्हिस्पर ही नावे शहरी दुकानांत रूढ होऊ लागली. पुढे दूरचित्रवाणीवरील जाहिरातींनी निळ्या द्रवाच्या साहाय्याने साधन दाखवले. पाळी का येते, हे सांगितले नाही. ८ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्राच्या 'अस्मिता' योजनेने जिल्हा परिषद शाळांतील मुलींना ५ रुपयांत ८ पॅड देऊ केले. त्याच वर्षी जुलैमध्ये पॅडवरील १२ टक्के वस्तू व सेवा कर रद्द झाला. साधन स्वस्त झाले. परंतु वापरानंतरच्या विल्हेवाटीचा प्रश्न शाळेच्या स्वच्छतागृहात तसाच उभा राहिला.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील १५ ते २४ वयोगटातील सुमारे ६४ टक्के स्त्रिया सॅनिटरी पॅड, तर सुमारे ५० टक्के कापड वापरत होत्या. अनेकजणी दोन्ही वापरतात, हे या बेरजेवरूनच स्पष्ट होते. या सर्वेक्षणात कापडाची गणना 'आरोग्यदायी' साधनांत होत नाही. ते कसे धुतले व वाळवले, हा प्रश्न त्यामुळे मागे पडतो.

निष्कर्ष
कोल्हापूर परिसरात साधने बदलली, मौन मात्र त्या गतीने बदलले नाही. कापड, पॅड वा कप यांपैकी काहीही निवडताना वापर, स्वच्छता, खर्च व विल्हेवाट यांची माहिती तरुणीस हवी. ती नसेल, तर निवड घरातील लाज किंवा दुकानातील जाहिरात करते. म्हणून पॅडच्या वाटपासोबत वर्गातील मोकळा संवाद, पाण्याची सोय आणि ऊन मिळेल अशी वाळवण्याची जागा यांनाही धोरणात स्थान मिळणे आवश्यक आहे.