घरची गाणी घरच्याच सर्व्हरवर: रास्पबेरी पाय आणि नॅव्हिड्रोम

माझे आजोबा गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे आणि गायचे. काकाने त्यांची भजनं टेप रेकॉर्डरवर भरून ठेवली होती. अशा सहा कॅसेट आमच्याकडे आहेत. आजोबा आता नाहीत, त्यामुळे त्यांचा आवाज फक्त तिथेच आहे. कुठल्याही स्ट्रीमिंग अ‍ॅपवर तो मिळणार नाही.

म्हणून मी घरी म्युझिक सर्व्हर बसवला. पहिल्या खेपेला त्यात एक मोठी चूक केली, तीही पुढे सांगतो. पण आधी ही भानगड काय आहे ते बघू.

म्युझिक सर्व्हर म्हणजे काय?

सगळी गाणी एका छोट्या कॉम्प्युटरवर ठेवायची आणि घरातल्या प्रत्येक मोबाईलवरून ऐकायची, एवढंच. दिसायला स्ट्रीमिंग अ‍ॅपसारखंच: अल्बमचं चित्र, प्लेलिस्ट, शोध, सगळं असतं. फरक एवढाच की फाइल तुमच्या घरात असते. स्ट्रीमिंग अ‍ॅपमध्ये कंपन्यांचा करार संपला की प्लेलिस्टमधलं गाणं एक दिवस करडं पडतं आणि वाजत नाही. इथे तसं होत नाही. शिवाय प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये तीच गाणी भरून मेमरी अडवायची गरज राहत नाही.

काय काय लागेल?

१. रास्पबेरी पाय. हा पत्त्यांच्या कॅटएवढा, एकाच सर्किट बोर्डवरचा कॉम्प्युटर. इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टसाठी घेतलेला ३ बी प्लस माझ्या ड्रॉवरमध्ये पडून होता. त्यात १ जीबी रॅम आहे आणि या कामाला ती पुरते. जुना मित्राकडून मिळाला तरी चालेल.
२. चांगला पॉवर अ‍ॅडॉप्टर. ३ बी प्लसला ५ व्होल्ट, २.५ अँपिअर लागतात. पाय ४ ला ५ व्होल्ट, ३ अँपिअर. मोबाईलचा जुना चार्जर लावला की पाय मध्येच बंद पडतो आणि आपण दोष सॉफ्टवेअरला देत बसतो.
३. १६ जीबीचं मायक्रो एसडी कार्ड, फक्त ऑपरेटिंग सिस्टिमसाठी.
४. गाण्यांसाठी वेगळा यूएसबी पेनड्राइव्ह किंवा एसएसडी.
५. राउटरला जोडायला लॅन केबल.
६. कार्ड तयार करायला तासाभरासाठी कुणाचा तरी लॅपटॉप.

विजेचं म्हणाल तर, सरासरी ४ वॅट धरले तर चोवीस तास चालू ठेवून महिन्याला साधारण २.९ युनिट होतात.

सर्व्हर बसवायच्या पायऱ्या

पायरी १: डाएटपाय ही हलकीफुलकी ऑपरेटिंग सिस्टिम तिच्या वेबसाइटवरून तुमच्या मॉडेलप्रमाणे उतरवा. रास्पबेरी पाय इमेजर या मोफत प्रोग्रॅमने ती एसडी कार्डवर लिहा. कार्डवर आधी असलेलं सगळं पुसलं जातं, लक्षात ठेवा.

पायरी २: कार्ड पायमध्ये घाला, लॅन केबल राउटरला लावा, मग पॉवर द्या. राउटरच्या सेटिंग पानावर जोडलेल्या उपकरणांच्या यादीत डाएटपाय दिसेल. त्याचा आयपी पत्ता लिहून घ्या. त्याच पानावर हा पत्ता कायमचा राखून ठेवायची सोय असेल तर ती वापरा, नाहीतर उद्या पत्ता बदलतो आणि अ‍ॅपला सर्व्हर सापडत नाही.

पायरी ३: मोबाईलवर कनेक्टबॉट हे एसएसएच अ‍ॅप घ्या आणि त्या पत्त्यावर लॉगिन करा. सुरुवातीचं युजरनेम ‘रूट’ आणि पासवर्ड ‘डाएटपाय’ असतो, दोन्ही इंग्रजी छोट्या अक्षरांत. पहिल्याच वेळी पासवर्ड बदलायला विचारतात. बदलाच.

पायरी ४: अपडेट झाल्यावर सॉफ्टवेअरचा मेनू उघडतो. आधी त्यात युजर डेटाची जागा म्हणून पेनड्राइव्ह निवडा. ड्राइव्ह फॉरमॅट करावा लागला तर त्यातलंही सगळं जाईल, तेव्हा रिकामाच घ्या. मग यादीतून दोन गोष्टी स्पेसबारने निवडा: नॅव्हिड्रोम, म्हणजे आपला म्युझिक सर्व्हर, आणि सांबा, म्हणजे लॅपटॉप किंवा मोबाईलवरून पायमध्ये फाइल टाकायची सोय. इन्स्टॉल दाबा आणि चहा घेऊन या.

पायरी ५: गाणी युजर डेटामधल्या म्युझिक फोल्डरमध्ये टाका. ब्राउझरमध्ये पायचा आयपी पत्ता, त्यापुढे कोलन आणि ४५३३ हा आकडा लिहा. नॅव्हिड्रोमचं पान उघडेल आणि अ‍ॅडमिन खातं बनवायला सांगेल. घरच्यांसाठी वेगवेगळी खाती करा, म्हणजे बाबांची प्लेलिस्ट तुमच्यात मिसळणार नाही.

पायरी ६: नॅव्हिड्रोमला सबसॉनिक पद्धतीची अ‍ॅप्स चालतात. अँड्रॉइडवर अल्ट्रासॉनिक मोफत आहे, सिम्फोनियम विकत आहे. आयफोनवर अ‍ॅम्परफाय चालतं. अ‍ॅपमध्ये तोच पत्ता, युजरनेम, पासवर्ड टाकला की झालं.

टॅग नीट नसतील तर सगळा पसारा

नॅव्हिड्रोम फोल्डरच्या नावावर जात नाही. तो फाइलच्या आत लिहिलेली माहिती, म्हणजे टॅग वाचतो. आशाताईंचं नाव एका फाइलमध्ये मराठीत आणि दुसरीत इंग्रजीत असेल, तर तुमच्या सर्व्हरवर दोन वेगळ्या गायिका तयार होतात. एकच लिपी आणि एकच स्पेलिंग ठरवा. अनेक गायकांच्या अल्बममध्ये ‘अल्बम आर्टिस्ट’ ही जागा सगळ्या गाण्यांना सारखी भरा, नाहीतर एका अल्बमचे पाच तुकडे दिसतात. हे काम किड३ या मोफत प्रोग्रॅममध्ये एकदम शंभर फाइलींवर करता येतं.

कॅसेट फाइलमध्ये कशी आणायची?

यात शॉर्टकट नाही. ६० मिनिटांच्या कॅसेटला ६० मिनिटंच लागतात. प्लेअरच्या हेडफोनच्या भोकातून केबल काढून लाइन-इन असलेल्या यूएसबी साउंड कार्डला लावा. लॅपटॉपच्या साध्या हेडसेट जॅकमध्ये घालू नका, तो बहुतेकदा माइकसाठी आणि मोनो असतो. ऑडॅसिटीमध्ये ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिटवर रेकॉर्ड करा. आवाजाची पट्टी लाल रंगात जाऊ देऊ नका. एकदा फाटलेला आवाज नंतर सुधारत नाही. स्टिरिओ रेकॉर्डिंगला मिनिटाला सुमारे १० एमबी जागा लागते. फ्लॅकमध्ये सेव्ह केलं तर दर्जा तोच राहतो आणि जागा बरीच वाचते. सुरू करण्याआधी प्लेअरचं हेड आणि रबरी रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने पुसा.

माझी चूक

पहिल्या खेपेला मी वेगळा ड्राइव्ह घेतलाच नाही. सगळं एसडी कार्डवर ठेवलं. एका कॅसेटच्या दोन्ही बाजू भरून झाल्या, आणि पुन्हा एकदा वाजवून बघताना तिची फीत प्लेअरमध्ये गुंतली. मी ओढली, ती चुरगळून तुटली. वाईट वाटलं, पण म्हटलं फाइल तर आहे ना!

दोन आठवड्यांनी रात्री लाइट गेली. आली तेव्हा पाय सुरूच होईना. लिहिणं चालू असताना वीज गेली की एसडी कार्डवरची फाइल सिस्टिम बिघडू शकते, हे मी कॉलेजात शिकलोय. रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवलं तर नुसते तुकडे हाती आले. बाकीच्या पाच कॅसेट मी परत भरल्या. सहावीची पहिली बाजू वाचली, कारण ती मी आत्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली होती. दुसरी बाजू गेली ती गेलीच.

तेव्हापासूनचे माझे नियम: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या ड्राइव्हवर, आणि त्यातली एक घराबाहेर. माझी तिसरी प्रत आत्याकडे पेनड्राइव्हवर आहे. सर्व्हर ही प्रत आहे, बॅकअप नाही. महिन्यातून एकदा बॅकअपमधली कुठलीही एक फाइल वाजवून बघतो. पाय बंद करायचा तर आधी शटडाउन, मग स्विच. आणि राउटरच्या छोट्या यूपीएसवर पाय लावायचा विचार असेल तर आधी आउटपुट बघा: त्यातून बहुतेकदा ९ किंवा १२ व्होल्ट येतात, पायला ५ लागतात.

घराबाहेरून ऐकायचं असेल तर?

राउटरचा पोर्ट उघडू नका. त्याने सर्व्हर सगळ्या इंटरनेटला दिसतो. डाएटपायच्या त्याच मेनूतून टेलस्केल बसवा आणि मोबाईलवरही त्याचं अ‍ॅप घ्या. दोघांत खाजगी रस्ता तयार होतो. आवाज १२८ केबीपीएसवर ठेवला तर तासाला साधारण ५८ एमबी डेटा जातो. प्रवासाला निघण्याआधी अ‍ॅपमध्ये गाणी डाउनलोड केली तर तेवढाही नाही.

गावी आजीसाठी माझा जुना मोबाईल आणि ब्लूटूथ स्पीकर ठेवलाय, भजनं डाउनलोड करून. ती रोज संध्याकाळी लावते. सहावी कॅसेट मध्येच संपते तेव्हा तिने पहिल्यांदा विचारलं, “पुढचं कुठंय रे?” मला उत्तर देता आलं नाही.

म्हणून तुमच्या घरी अशा कॅसेट असतील तर दोन पेनड्राइव्ह आधी आणा. पाय नंतर घेतला तरी चालेल.