लवचिक उत्पादन : जपानी पद्धत आणि फ्रीमॉन्टचा धडा

एकाच उत्पादनसाखळीवर निरनिराळ्या प्रकारचा माल मागणीनुसार, थोड्या थोड्या संख्येने आणि फारसा साठा न करता तयार करणे, याला लवचिक उत्पादन म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधील टोयोटा कंपनीत ही पद्धत आकाराला आली. पुढे जगभरातील कारखान्यांनी तिचे अनुकरण केले. तिची तंत्रे उचलणे सोपे ठरले. तिने कामगाराला दिलेले स्थान देणे मात्र अनेकांना जमले नाही.

गरजेतून जन्म

युद्धोत्तर जपानमधील बाजारपेठ लहान होती. पण तिला ट्रकपासून छोट्या मोटारीपर्यंत अनेक प्रकारची वाहने हवी होती. अमेरिकी कारखान्यांप्रमाणे एकच मॉडेल प्रचंड संख्येने काढणे परवडणारे नव्हते. टोयोटातील अभियंते ताइची ओनो यांनी त्यावर उपाय शोधला. पुढच्या टप्प्याला जेव्हा आणि जेवढे सुटे भाग लागतील, तेव्हा आणि तेवढेच मागच्या टप्प्याने पुरवायचे. ही मागणी कळवणारे कार्ड म्हणजे 'कानबान'. अमेरिकी सुपरमार्केटमध्ये ग्राहक उचलतो तेवढाच माल फळीवर पुन्हा भरला जातो, त्यावरून ओनो यांना ही कल्पना सुचली.

दुसरे सूत्र त्याहून जुने आहे. साकिची टोयोडा यांचा १९२४ सालचा स्वयंचलित माग धागा तुटताच आपोआप थांबत असे. दोष आढळला की काम थांबवायचे, हा नियम त्यातून आला. १९५० साली कंपनी आर्थिक संकटात सापडली, तेव्हा कामगारकपातीवरून मोठा संघर्ष झाला आणि अध्यक्ष किइचिरो टोयोडा यांनी राजीनामा दिला. त्यानंतर नोकरीची शाश्वती हा व्यवस्थापन व कामगार यांच्यातील अलिखित कराराचा भाग बनला.

साचा बदलण्याचे गणित

प्रेस यंत्रावरील साचा बदलण्यास कित्येक तास लागत असतील, तर एकाच भागाचे हजारो नग काढून ठेवण्याचा मोह होतो. शिगेओ शिंगो यांनी या कामाचे दोन भाग केले : यंत्र बंद असतानाच करता येणारे आणि यंत्र चालू असताना आधीच उरकता येणारे. १९६९ साली टोयोटातील एक हजार टनी प्रेसचा साचा बदलण्यास चार तास लागत. तो वेळ आधी दीड तासावर आणि अखेर तीन मिनिटांवर आला. लहान संख्येचे उत्पादन त्यामुळेच किफायतशीर झाले.

फ्रीमॉन्टचा प्रयोग

कॅलिफोर्नियातील फ्रीमॉन्ट येथील जनरल मोटर्सचा कारखाना गैरहजेरी, अचानक होणारे संप आणि सदोष गाड्या यांसाठी कुप्रसिद्ध होता. १९८२ साली तो बंद पडला. १९८४ मध्ये जनरल मोटर्स आणि टोयोटा यांच्या 'नुमी' या संयुक्त कंपनीने तेथे उत्पादन सुरू केले. कामगार बहुतांशी जुनेच आणि संघटनाही तीच होती. शेकडो जणांना प्रशिक्षणासाठी जपानला पाठवण्यात आले. अडचण दिसताच दोरी ओढून साखळी थांबवण्याचा अधिकार प्रत्येकाला मिळाला.

१९८६ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी केलेली तुलना बोलकी आहे. गाडीच्या जुळणीस जनरल मोटर्सच्या फ्रॅमिंगहॅम कारखान्यात ३१ श्रमतास लागत, टोयोटाच्या ताकाओका येथे १६, तर नुमीत १९. शंभर गाड्यांमागे जुळणीतील दोष फ्रॅमिंगहॅममध्ये १३०, तर ताकाओका व नुमी या दोन्ही ठिकाणी ४५ होते. १९८८ मध्ये मागणी घसरली, तेव्हा नुमीने कामगार कमी केले नाहीत. त्यांना प्रशिक्षणात आणि सुधारणांच्या कामात गुंतवले. शब्द पाळला गेल्याने विश्वास टिकला.

अनुकरण कोठे अडले?

जनरल मोटर्सने हीच पद्धत कॅलिफोर्नियातीलच व्हॅन नाइस कारखान्यात आणण्याचा प्रयत्न केला. तेथे दोऱ्या व गट आले, पण साखळी थांबू न देण्याची जुनी सवय गेली नाही. पर्यवेक्षकांचे मोल किती गाड्या बाहेर पडल्या यावरच ठरत राहिले. तो कारखाना १९९२ साली बंद झाला. पुढे कंपनीच्या अन्य कारखान्यांत ही पद्धत रुजली, पण फार सावकाश. २००९ साली जनरल मोटर्स दिवाळखोरीत गेली आणि नुमीतूनही बाहेर पडली. १ एप्रिल २०१० रोजी तेथील अखेरची गाडी तयार झाली. त्यानंतर ती जागा टेस्लाने घेतली.

मर्यादाही आहेत

साठा नसला की धक्का पचवायला उसंत मिळत नाही. फेब्रुवारी १९९७ मध्ये आयसिन या पुरवठादाराच्या कारखान्यास आग लागली आणि ब्रेकच्या एका लहानशा व्हॉल्व्हअभावी टोयोटाच्या जपानमधील बहुतेक जुळणी साखळ्या काही दिवस थंडावल्या. २०११ च्या भूकंपानंतर कंपनीने पुरवठादारांना सेमीकंडक्टर चिप्सचा काही महिन्यांचा साठा ठेवण्यास सांगितले. शिवाय उसंत नसलेल्या कामाचा ताण कामगारांवर पडतो, हा आक्षेपही जुना आहे.

म्हणूनच ही पद्धत स्वीकारू पाहणाऱ्या कारखान्याने कार्डे छापण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरे द्यायला हवीत. कामगाराने साखळी थांबवली तर त्याला शाबासकी मिळेल की ठपका? आणि त्याच्या सूचनेमुळे दोन माणसांचे काम वाचले, तर त्या दोघांची नोकरी राहील काय?