बोलक्या बाहुल्यांचे विडंबन व न्याय्य वापर

शब्दभ्रमकार यशवंत पाध्ये यांनी घडविलेला आणि पुढे रामदास पाध्ये यांनी घरोघरी पोहोचविलेला अर्धवटराव, तसेच ‘झपाटलेला’ (1993) चित्रपटातील तात्या विंचू या मराठी प्रेक्षकांच्या लाडक्या बाहुल्यांची परवानगीविना केलेली विनोदी नक्कल म्हणजे अनधिकृत विडंबन होय. ‘चाइल्ड्स प्ले’ (1988) या अमेरिकन चित्रपटावरून सुचलेला तात्या स्वतःच उसनवारी आणि नवनिर्मिती यांच्या सीमेवर उभा आहे, हे येथे विसरता येत नाही.

भारतीय प्रताधिकार अधिनियम, 1957 च्या कलम 52 मध्ये न्याय्य व्यवहाराची, म्हणजे परवानगीविना करता येणाऱ्या मर्यादित वापराची, तरतूद असून तीत टीका व समीक्षा यांचा उल्लेख आहे, विडंबनाचा मात्र नाही. ही उणीव खटकणारी आहे. तथापि केरळ उच्च न्यायालयाने 1996 मध्ये एका प्रतिनाटकाला, म्हणजे मूळ नाटकाला प्रत्युत्तर म्हणून रचलेल्या नाटकाला, त्यामागील टीकेचा हेतू ओळखून, संरक्षण दिले. एरंडोलच्या एखाद्या शाळेत विद्यार्थ्यांनी बाहुल्याच्या पाठीतून हात घालून, दोरीने जबडा हलवीत, केवळ शिक्षक व पालकांसमोर असे विडंबन-नाट्य सादर केल्यास त्याच कलमातील शैक्षणिक सवलत लागू होऊ शकते. तोच बाहुला तिकीट लावून सर्वसामान्य प्रेक्षकांसमोर नाचविल्यास ती लागू होत नाही.