सिद्ध झालेलं नाही

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

माझी सगळी नोकरी शाळेच्या मैदानावर गेली. मी क्रीडाशिक्षक, आणि आमचा खेळ कबड्डी. तेव्हा मी अमेरिकन फुटबॉलवर बोलायला बसलो याचं आपल्याला नवल वाटेल. पण काही वर्षांपूर्वी बोस्टनजवळ मुलीकडे दोन महिने राहिलो होतो. थंडीमुळे घराबाहेर पडणं होत नसे. रविवारी दुपारी जावई टीव्हीसमोर बसले, की मीही बसायचो. पहिल्या रविवारी मला सगळी धक्काबुक्कीच वाटली. दुसऱ्या रविवारी माझी नजर एका जागेवर स्थिरावली.

या खेळात अकरा विरुद्ध अकरा असतात. ज्यांच्याकडे चेंडू, त्यांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, बाकीच्यांनी अडवायचं. अडवणाऱ्यांची पहिली फळी हात जमिनीला टेकून सज्ज असते. तिच्या मागे दोन-चार पावलांवर जे उभे असतात, ते लाइनबॅकर. त्यातला मधला म्हणजे बचावाचा मेंदूच. समोरच्यांच्या पायांवरून, खांद्यांच्या कलावरून डाव ओळखायचा, आपल्या गड्यांना ओरडून जागा बदलायला लावायच्या आणि मग स्वतः धावत जाऊन चेंडूवाल्याला आडवं करायचं. चढाईवाल्याच्या पायावर डोळा ठेवून बसलेला आमचा कोपरारक्षक मला आठवला. फरक एवढाच, की इथे शंभर-शंभर किलोची शरीरं पळत येऊन एकमेकांवर आदळतात, आणि तेही एका सामन्यात कितीतरी वेळा.

या जागेवरचे मोठे खेळाडू कोण, असं मी जावयांना विचारलं. त्यांनी पाच-सहा नावं घेतली. त्यात बोस्टनचा जुना खेळाडू म्हणून निक बुओनिकॉन्टी हे नाव होतं. त्याच्याविषयी मिळेल ते वाचत गेलो. वाचायला घेतला होता मैदानावरचा पराक्रम. पण त्याच्या आयुष्यात मला पुन्हा पुन्हा भेटले ते तीन शब्द : सिद्ध झालेलं नाही.

निकचा जन्म १९४०चा, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्डचा. घर इटालियन वंशाचं, घरची बेकरी. नोत्र दाम विद्यापीठाकडून तो उत्तम खेळला. पण उंची सहा फुटांना थोडी कमी. लाइनबॅकर म्हणून बुटकाच, असं जाणकारांचं मत पडलं. एनएफएल या मुख्य व्यावसायिक संघटनेतल्या एकाही संघानं त्याला निवडलं नाही. तेव्हा एएफएल नावाची नवी प्रतिस्पर्धी संघटना निघाली होती. तिच्यातल्या बोस्टन पॅट्रियट्सनी १९६२ साली त्याला घेतलं, तेही तेराव्या फेरीत. पुढच्या सात हंगामांत या ‘बुटक्या’नं प्रतिस्पर्ध्यांचे २४ पास मध्येच पकडले. एवढ्यावर तो थांबला नाही. दिवसा सराव आणि रात्री वर्ग, असं करत बोस्टनच्या सफक विद्यापीठातून १९६८ साली तो वकील झाला.

१९६९ मध्ये तो मायामी डॉल्फिन्सकडे गेला. पुढच्या वर्षी दोन्ही संघटना एक झाल्या आणि डॉन शुला हे मायामीचे प्रशिक्षक झाले. जानेवारी १९७२ मध्ये हा संघ सुपर बोलपर्यंत, म्हणजे अंतिम सामन्यापर्यंत पोचला. तेव्हा डॅलसचे प्रशिक्षक टॉम लँड्री म्हणाले होते, की मायामीच्या बचावफळीतल्या खेळाडूंची नावं काही त्यांना आठवत नाहीत. तो सामना डॅलसनं जिंकला, पण ‘बिननावाची बचावफळी’ हे बिरूद मायामीकरांनी अभिमानानं मिरवलं. निक त्या फळीचा कप्तान.

पुढच्या हंगामात मायामीनं सतरापैकी सतरा सामने जिंकले. १४ जानेवारी १९७३ रोजी लॉस एंजलिसमधल्या अंतिम सामन्यात वॉशिंग्टनवर १४-७ अशी मात केली. त्यात निकनं पकडलेल्या एका पासमधूनच मायामीच्या दुसऱ्या टचडाउनची वाट खुली झाली. एकही सामना न हरता, न बरोबरी करता अजिंक्यपद मिळवणं एनएफएलमध्ये त्यानंतर कोणालाही जमलेलं नाही. पुढच्या वर्षी मायामीनं ते पद राखलंही. १९७६च्या हंगामानंतर निक निवृत्त झाला.

एखाद्या खेळाडूचं चरित्र इथे संपलं असतं. निकचं संपलं नाही. त्यानं वकिली केली, बेसबॉलपटूंचे करार करून दिले, दोन दशकांहून अधिक काळ टीव्हीवर फुटबॉलचा साप्ताहिक कार्यक्रम केला. आणि ऐंशीच्या दशकात तो यू. एस. टोबॅको या कंपनीचा अध्यक्ष झाला. आपल्याकडे तंबाखूचा बार भरतात, तशी ओठाच्या आत धरायची बारीक तंबाखू ही कंपनी विकत असे. या तंबाखूनं तोंडाचा कर्करोग होतो, असं डॉक्टर सांगत होते. कंपनीचं उत्तर ठरलेलं होतं : सिद्ध झालेलं नाही. निकनं ही बाजू जाहीरपणे मांडली. वकिलाच्या सफाईनं मांडली. १९८६ साली अमेरिकी सरकारच्या सर्जन जनरलनी अहवालात नि:संदिग्ध शब्दांत सांगितलं, की या तंबाखूनं कर्करोग होतो. त्याच वर्षी डब्यांवर इशारा छापण्याचा कायदाही झाला.

हे सगळं चाललं असतानाच, २६ ऑक्टोबर १९८५ला, टेनेसीत जॉन्सन सिटी इथे एक महाविद्यालयीन सामना होता. निकचा एकोणीस वर्षांचा मुलगा मार्क द सिटाडेल या लष्करी महाविद्यालयाकडून खेळत होता. तोही लाइनबॅकर. चेंडू घेऊन धावणाऱ्याला अडवायला त्यानं झेप घेतली, आणि मानेपाशी मज्जारज्जूला इजा झाली. मानेखालचं सगळं शरीर लुळं पडलं.

तू पुन्हा चालावंस म्हणून जे करता येईल ते करीन, असा शब्द बापानं मुलाला दिला. मज्जारज्जू तुटला की संपलं, असं तेव्हा डॉक्टर मानत असत. निकनं ते मानायचं नाकारलं. न्यूरोसर्जन बार्थ ग्रीन यांच्यासोबत त्याच वर्षी ‘मायामी प्रोजेक्ट टू क्युअर पॅरालिसिस’ ही संशोधन संस्था उभी राहिली. तिच्यासाठी बापलेकांनी पुढे कोट्यवधी डॉलर गोळा केले. इजा झाल्याबरोबर शरीराचं तापमान उतरवण्याच्या उपचारावर तिथे काम झालं. रुग्णाच्याच मज्जातंतूंमधल्या श्वान पेशी घेऊन इजेच्या जागी सोडण्याच्या चाचणीला २०१२ साली परवानगी मिळाली. संपूर्ण इलाज अजून सापडलेला नाही. पण ‘काही होणार नाही’ हे वाक्य आता कोणी पूर्वीच्या खात्रीनं उच्चारत नाही.

२००१ साली ओहायोतल्या कँटन इथे निकचा फुटबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये समावेश झाला. त्याची ओळख करून दिली चाकाच्या खुर्चीतल्या मार्कनं. मार्क चालू लागणार असेल, तर अजिंक्यपदाची अंगठी आणि मिळवलेलं सारं मी देऊन टाकेन, अशा आशयाचं निक त्या दिवशी बोलला. माझ्याशी हे बोलताना जावई थोडा वेळ गप्प झाले होते.

मला वाटलं होतं, गोष्ट इथे संपेल. पण ते तीन शब्द अजून एकदा यायचे होते. डोक्याला पुन्हा पुन्हा बसणाऱ्या धक्क्यांनी खेळाडूंच्या मेंदूवर कायमचा परिणाम होतो का, हे पाहायला एनएफएलनं १९९४ साली एक समिती नेमली. दीर्घकालीन नुकसानीचा पुरावा नाही, असंच ही समिती वर्षानुवर्षं सांगत राहिली. दरम्यान २००२ साली पिट्सबर्गचा जुना खेळाडू माइक वेबस्टर वारला. डॉ. बेनेट ओमालू यांनी त्याचा मेंदू तपासला, आणि त्यांना सापडला सीटीई हा आजार. यात मेंदूत टाऊ नावाचं प्रथिन साचत जातं. स्मृती, तोल, स्वभाव सगळंच हळूहळू ढासळतं. ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या सुनावणीत लिंडा सँचेझ या सदस्य म्हणाल्या, की एनएफएलची ही भाषा तंबाखू कंपन्यांची आठवण करून देते. हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून ठेवलं. तंबाखू कंपनीचा अध्यक्ष म्हणून निक जे वाक्य बोलत होता, तेच आता त्याच्या डोक्याबद्दल बोललं जात होतं.

कारण तोवर निकचं बिघडायला लागलं होतं. तोल जाई, तो पडे, आठवण दगा देई. ज्या माणसानं समोरच्या अकरा जणांचा डाव क्षणात ओळखला, त्याला साध्या साध्या गोष्टी जमेनात. १९७२च्या संघातला जिम किक स्मृतिभ्रंशानं खचला होता. त्याच हंगामात अर्ध्यावर संघाची धुरा सांभाळणाऱ्या अर्ल मोरॉल याच्या मेंदूत मृत्यूनंतर सीटीई आढळला होता. खेळाडूंच्या दाव्यांवर एनएफएलनं २०१३ साली तडजोड केली, पण दोष कबूल केला नाही. फुटबॉल आणि सीटीई यांचा संबंध आहे, हे तिच्या वरिष्ठ अधिकाऱ्यानं मान्य केलं ते थेट २०१६ मध्ये.

सीटीईचं पक्कं निदान फक्त मृत्यूनंतर, मेंदू तपासूनच होतं. म्हणजे जिवंतपणी या माणसांना पुरावा देताच येत नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये निकनं जाहीर केलं, की आपल्यामागे आपला मेंदू संशोधनासाठी द्यावा. एके काळी ‘पुरावा कुठे आहे’ म्हणून विचारणारा वकील स्वतःच पुरावा व्हायला तयार झाला. ३० जुलै २०१९ रोजी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तो गेला.

तंबाखूची बाजू मांडल्याबद्दल निकला दोष द्यावा, की मुलासाठी पस्तीसेक वर्षं झगडला म्हणून त्याला नमस्कार करावा? मला दोन्ही करावंसं वाटतं. एकानं दुसरं फिटत नाही. आणि त्याला दोष देताना माझाही हात थोडा अडखळतो. जिल्हा पातळीच्या एका सामन्यात माझ्या संघातला एक मुलगा डोक्यावर आपटला होता. उठला, पण भलत्याच अंगणात जाऊन उभा राहिला. मी त्याच्या तोंडावर पाणी मारलं, दोन बोटं दाखवून ‘किती?’ म्हणून विचारलं, आणि परत आत पाठवलं. आम्ही तो सामना जिंकलो. मुलगा आज सुखरूप आहे, त्याचं दुकान चांगलं चालतं. पण त्यात माझं कर्तृत्व काही नाही. कोणी तेव्हा विचारलं असतं, तर मीही म्हणालो असतो, की अशानं काही होतं हे कुठे सिद्ध झालंय?

परदेशातून परत आल्यावर जुन्या शाळेत गेलो. मैदान आता माझा एक विद्यार्थीच सांभाळतो. त्याच्यापाशी बसून एक नियम ठरवून घेतला : डोक्याला मार लागला, की त्या दिवशी त्या मुलाचा खेळ बंद. अंतिम सामना असला तरी बंद. मुलं कुरकुरतात, पालकही कधी कधी रागावतात. रागावू देत.