हिराईसा आणि पंधरा जीबी

ढगाच्या भरवशावर काही ठेवा, असं यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला धाडस लागतं. आमच्याकडे शेती बहुतेक कोरडवाहू. दर जूनमध्ये माणूस कपाशीचं बियाणं, खत आणि आमच्या बँकेचं पीककर्ज असं सगळं ढगाच्या हवाली करतो आणि दिवाळीच्या सुमाराला हिशेब मागायला जातो. ढगाने व्याजासकट परत केल्याची उदाहरणं मी काउंटरवर बसून मोजलेली आहेत. फार बोटं लागत नाहीत. तेव्हा चिरंजीव जेव्हा म्हणाले, "बाबा, तुमचे सगळे कागद क्लाउडवर टाका, पंधरा जीबी फुकट आहे," तेव्हा माझ्या चेहऱ्यावर जे उमटलं ते अज्ञान नव्हतं, अनुभव होता.

पुढे कळलं, की हा ढग आकाशात नसतोच. तो दूर कुठेतरी जमिनीवर, थंडगार इमारतींत असतो. आपल्या कागदाच्या नकला करून निरनिराळ्या ठिकाणी ठेवायच्या, म्हणजे एक इमारत जळाली तरी दुसरी शाबूत. हे ऐकून मी निर्धास्त झालो. कारण हा उद्योग आमच्या वऱ्हाडात सातशे वर्षांपूर्वीच होऊन गेलेला आहे. फक्त त्याला वीज लागत नव्हती, आणि आमच्याकडच्या विजेचा स्वभाव पाहता ते बरंच होतं.

यवतमाळहून अमरावती ओलांडून मोर्शीच्या अंगाला गेलं की रिद्धपूर लागतं. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी निघून गेल्यावर त्यांचे अनुयायी इथे गोविंदप्रभूंच्या सान्निध्यात राहिले. त्यांच्यातल्या म्हाइंभट नावाच्या पंडिताने स्वामींच्या आठवणी गोळा करायला घेतल्या. नागदेवाचार्यांनी पुष्कळ सांगितलं. पण म्हाइंभटांचं तेवढ्यावर समाधान होईना. ज्याच्यासमोर जी गोष्ट घडली, त्याच्याकडे स्वतः जायचं, विचारायचं, ताडून पाहायचं आणि मगच लिहायचं. याला आम्ही बँकेत व्हेरिफिकेशन म्हणतो. ते आम्ही कसं करतो हे इथे सांगत नाही. या खटाटोपातून १२७८ च्या सुमाराला 'लीळाचरित्र' तयार झालं. मराठीतला पहिला गद्य ग्रंथ म्हणून त्याचं नाव घेतात.

आणि मग तो हरवला.

चौदाव्या शतकाच्या आरंभी दिल्लीच्या फौजांनी यादवांचं राज्य खिळखिळं केलं. त्या धामधुमीत 'खालशाची धाड' आली आणि मूळ पोथी नाहीशी झाली, असं पंथाची परंपरा सांगते. एवढी पायपीट, एवढी ताडाताडी, सगळं गेलं. आता विचार करा, तुमच्या-आमच्यासारख्यांनी काय केलं असतं? अर्ज लिहिला असता. या लोकांनी आठवायला सुरुवात केली.

त्यांच्यात हिराईसा नावाची एक बाई होती. तिला ग्रंथ तोंडपाठ होता, असं सांगतात. तिने सांगितला आणि तो पुन्हा उतरवला गेला. आणखीही काहींनी आपापल्या स्मरणातून सांगितला. म्हणून लीळाचरित्राचे हिराईसा पाठ, परशरामबास पाठ, रामेश्वरबास पाठ असे निरनिराळे पाठ झाले. मराठीत तोंडी आलं तेही 'पाठ' आणि पोथीची एक विशिष्ट वाचणी तीही 'पाठ'. दोन्ही अर्थ एका बाईच्या ठिकाणी एकत्र आल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही.

त्याहून नवल पुढे आहे. दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर या मंडळींनी एकाला खोटं पाडलं नाही. हा असं सांगतो, ती तसं सांगते, अशी नोंद करून ते मोकळे झाले. अशा पाठभेदाला त्यांच्याकडे 'वासना' म्हणतात. आमच्या घराण्यात आजोबांच्या विहिरीच्या वाटणीबद्दल तीन काकांच्या तीन वासना आहेत आणि त्या तिन्ही दिवाणी कोर्टात आहेत.

ठेवण्याच्या जागाही त्यांनी काय निवडल्या! पंथ पुढे पंजाबात गेला, पेशावर आणि काबूलपर्यंत मठ झाले आणि मराठी पोथ्या तिकडे पोहोचल्या. जिथे पुरणपोळी पोहोचली नाही तिथे मराठी गद्य जाऊन बसलं. रिद्धपूरला काही झालं तरी काबूलची प्रत सुरक्षित! हल्ली बँकासुद्धा माहितीची दुसरी प्रत दुसऱ्या भूकंपक्षेत्रातल्या शहरात ठेवतात, पण काबूलची हिंमत कोणी केलेली नाही. मी नोकरीला लागलो तेव्हा तर दिवसाचा सगळा हिशेब संध्याकाळी एका टेपवर उतरवून तिजोरीत ठेवत, आणि एक प्रत शाखेबाहेर गेली पाहिजे असा नियम होता. आमच्याकडे ती एका साहेबांच्या घरी जाई. साहेबांच्या सौभाग्यवती ती लोणच्याच्या बरणीमागे ठेवत, कारण तिकडे मुलांचा हात पोहोचत नसे. शाखेची सगळी माहिती लिंबाच्या लोणच्याच्या संरक्षणाखाली कित्येक महिने होती आणि एक पैसा इकडचा तिकडे झाला नाही.

नकला झाल्या, जागा झाल्या, राहिलं कुलूप. महानुभावांनी तेही केलं. पंथाबाहेरच्या डोळ्यांना पोथी वाचता येऊ नये म्हणून अक्षरांची अदलाबदल करून सांकेतिक लिप्या तयार केल्या. सकळ लिपी, सुंदरी लिपी, अंकलिपी, शून्यलिपी, अशा कितीतरी. सकळ लिपीचं श्रेय रवळोबासांना देतात. कुलूप असं पक्कं, की पाच-सहाशे वर्षं बाहेरचा मराठी माणूस आपल्याच भाषेतला पहिला गद्य ग्रंथ वाचू शकला नाही. पोथ्या होत्या, शाबूत होत्या, पण वाचकाच्या लेखी त्या नव्हत्याच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी सकळ लिपी उलगडली, तेव्हा कुठे दार किलकिलं झालं.

त्या दारातून आत शिरलेल्यांत आमचे यवतमाळचे यशवंत खुशाल देशपांडे होते. व्यवसाय वकिलीचा, पण जीव पोथ्यांत अडकलेला. त्यांनी 'शारदाश्रम' ही संस्था यवतमाळात उभी केली, हस्तलिखितं जमवली आणि १९२५ साली 'महानुभावीय मराठी वाङ्मय' हे पुस्तक काढलं. वकील म्हटला की कुलपं लावण्यात पटाईत. हा माणूस उघडत बसला. आमच्या गावाचं नाव निघालं की बाहेरचे लोक कापूस आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या एवढंच बोलतात. म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

कुलपाचं मला इतकं का लागलंय ते सांगतो. काही महिन्यांपूर्वी काउंटरवर एक बाई आल्या. नवरा अचानक गेला होता. हातात त्याचा मोबाइल. "भाऊ, त्यायनं सारे कागद याच्यातच ठेवले म्हने. पॉलिसी, पावत्या, समदं. उघडून देता का?" मोबाइल अंगठ्याने उघडणारा होता. त्यांनी स्वतःचा अंगठा लावून दाखवला, एकदा, दोनदा, जणू आज तरी तो ओळखेल. त्या माणसाने काहीच हलगर्जीपणा केला नव्हता. कागद नीट ठेवले होते, नकलाही असतील कुठेतरी. आमच्या खात्यावर नॉमिनी होत्या म्हणून आमच्याकडचं काम कागदपत्रांवर झालं. बाकीच्याचं काय झालं, मला कळलं नाही.

त्या रात्री चिरंजीवांना विचारलं, तेव्हा समजलं की या ढगालाही नॉमिनी लावता येतो. गूगलने ती सोय २०१३ सालीच केली आहे: खातं ठरावीक काळ गप्प राहिलं की तुम्ही नेमलेल्या माणसाला कळवतात, आणि सांगून ठेवलं असेल तर माहितीही देतात. ती केली नाही आणि दोन वर्षं खातं उघडलंच नाही, तर २०२३ च्या डिसेंबरपासून ते पुसून टाकायचा अधिकार कंपनीने आपल्याकडे ठेवला आहे. बावीस वर्षं लोकांना "नॉमिनीचा रकाना भरा हो" म्हणून ओरडतोय. हा रकाना मात्र अर्ध्या स्टाफने ऐकलेला नव्हता.

मी नॉमिनी म्हणून सौ.चं नाव घातलं. वर पासवर्डही सांगितला. लिहून ठेवते का, म्हटलं, तर ती दुखावली. गॅसचा ग्राहक क्रमांक, चार पॉलिसींचे नंबर, माझ्या बहिणीने १९९९ साली काय काय बोलून दाखवलं, हे सगळं तिला तोंडपाठ आहे. पासवर्डही एकदा ऐकला आणि झाला. फक्त उजळणी ती धुणं वाळत घालताना गच्चीवर करते, मोठ्याने, आणि गेल्या आठवड्यात शेजारच्या काकूंनी मधलं एक अक्षर दुरुस्त करून दिलं.