साध्या टिपणांतील चिन्हे आणि पालि शब्दांची जपणूक

पालि वाङ्मयाचा इतिहास जसा मुखपरंपरेचा आहे, तसाच तो लेखनाच्या संकेतांचाही आहे. इ. स. पूर्व पहिल्या शतकात, राजा वट्टगामणीच्या काळी, सिंहलद्वीपात तिपिटक ग्रंथारूढ झाले. महाराष्ट्रातील लेण्यांच्या शिलालेखांत द्वित्तातील एक वर्ण गाळून ‘पुत्त’ हा शब्द ‘पुत’ असा कोरला जाई. नाशिकच्या लेण्यांत ‘गोतमिपुत’ असेच वाचावयास मिळते. तथापि तेथे अर्थहानी झाली नाही, कारण हा संकेत कोरणारा व वाचणारा दोघांनाही ठाऊक होता.

१८८१ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या पालि टेक्स्ट सोसायटीने पालि ग्रंथ रोमन लिपीत छापले व अक्षरांना टिंबे आणि रेघा जोडून वर्णभेद राखले. संगणकाच्या कळफलकावर ही अक्षरे नव्हती. फ्रान्स वेल्थुइस यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लिप्यंतर पद्धतीने ही अडचण दूर केली. दीर्घ स्वर दोनदा लिहावा, मूर्धन्य वर्णाआधी बिंदू द्यावा आणि ‘ञ’साठी रोमन ‘न’च्या आधी ~ हे चिन्ह द्यावे, असा तो संकेत आहे.

भिवंडीत आम्ही पालि अभ्यासाची टिपणे याच पद्धतीने साध्या मजकुरात लिहिली. डोनाल्ड कनूथ यांनी १९७८ मध्ये प्रथम सिद्ध केलेल्या ‘टेक्’ या अक्षरजुळणी प्रणालीत ती जशीच्या तशी नेली, तेव्हा ‘पञ्ञा’ हा शब्द तीन तुकड्यांत छापला गेला. त्या प्रणालीत ~ म्हणजे ओळ न तोडणारी मोकळी जागा होय. अशी दहा चिन्हे तिने राखून ठेवली आहेत. मजकुरात & आले की ती चूक दाखवून थांबते; % आले की ओळीचा उरलेला भाग मुकाट्याने सोडून देते. साध्या यंत्रमागावर ताण्याचा धागा तुटला तरी माग चालतच राहतो व दोष पुढे कापडावर दिसतो, हे भिवंडीकरांस सांगावयास नको. थांबविणाऱ्या चुकीपेक्षा मुकी चूक अधिक घातक असते.

दोष प्रणालीचा नव्हता, आमच्या क्रमाचा होता. प्रथम लिप्यंतराची चिन्हे मूळ वर्णांत आणावीत. नंतर उरलेली राखीव चिन्हे एकाच फेरीत बदलावीत. एकामागून एक बदलल्यास, % च्या आधी संरक्षणार्थ घातलेली उलटी तिरकी रेघ स्वतःच राखीव असल्यामुळे पुढील फेरीत पुन्हा बदलली जाते. शेवटी छापील प्रत मूळ टिपणाशी ओळीने ताडून पाहावी.

१९९१ पासूनच्या युनिकोड संकेतामुळे व २००४ मधील ‘झीटेक्’मुळे आता देवनागरी मजकूर थेट जुळविता येतो. परंतु राखीव चिन्हे तेथेही राखीवच आहेत आणि जुनी टिपणे जुन्याच संकेतात आहेत.

सील, समाधि व पञ्ञा या तीन शिक्षांपैकी एकीचे नावच नवख्या विद्यार्थ्यापुढे तुटून आले, तर तो त्यालाच मूळ पाठ मानील. शिलालेखातील गाळलेला वर्ण वाचक मनात भरून घेत असे. यंत्राने गाळलेला वर्ण गाळला गेला आहे, हेच त्याला कळत नाही. म्हणून पाठ ताडून पाहणे हे अभ्यासकाचेच कर्तव्य आहे, असे आम्ही मानतो.